प्रार्थनेतून गळलेलं नाव

पाद्री विटेंनी नेहमीसारखा घसा साफ केला, डोळे मिटले आणि राज्यकर्त्यांसाठीची प्रार्थना म्हणायला घेतली. "आमचे कृपाळू धनी, सख्खे बंधू बुर्कहार्ट आणि आंटोन, यांना हे प्रभो, तू उदंड आयुष्य दे, सुबुद्धी दे," एवढं म्हणून ते थेट पिकापाण्याकडे वळले. लुडोल्फचं तोंड आमेनसाठी अर्धवट उघडलेलं होतं, ते तसंच राहिलं. गेली वीस वर्षं दर रविवारी या चर्चमध्ये तीन नावं एका दमात घेतली जात होती. बुर्कहार्ट, लुडोल्फ, आंटोन. ती कानात इतकी मुरली होती की आपलं नाव आलं केव्हा आणि गेलं केव्हा हे लुडोल्फला कळतही नसे. घरातल्या घड्याळाचे ठोके घरच्या माणसाला ऐकू येत नाहीत, तसं. आज ते आलं नाही आणि मग त्याला ऐकू आलं. आधी वाटलं, आपलाच डोळा लागला असेल. सेहेचाळीस वर्षांचा माणूस प्रवचनात पेंगतो, त्यात काही पाप नाही. मग खालून चारशे माणसांचं आमेन आलं, एकजात, कुठेही न अडखळता. एखादी म्हातारी तरी अडखळायला हवी होती. एखाद्या चांभाराने तरी मान उचलून वर सज्जाकडे, भावांच्या बाकाकडे बघायला हवं होतं. कुणी बघितलं नाही. वीस वर्षं ज्या नावासाठी ही माणसं देवाकडे मागणं मागत होती ते नाव गळल्याचं एकाच्याही ध्यानात येऊ नये, किंवा सगळ्यांच्या ध्यानात यावं आणि तरी कुणी न बघावं, यातलं अधिक वाईट कोणतं ते त्याला ठरवता येईना.

त्याच्या उजव्या हाताला बुर्कहार्ट बसला होता. बुर्कहार्ट या वसंतात पन्नाशीचा झाला. अंगाने थोराड, पण कान मात्र आईचे, पातळ आणि बोलके. लहानपणी साखरेचा डबा उघडा सापडला की आई तिघांना ओळीत उभं करायची आणि काही न विचारता बुर्कहार्टच्या कानांकडे बघायची. आता त्याचा डावा कान, लुडोल्फच्या बाजूचा, पाळीपासून वरपर्यंत लालबुंद झाला होता. म्हणजे त्याला ठाऊक होतं. डावीकडे आंटोन होता, सगळ्यांत धाकटा, अडतीसचा. तो डोळे मिटून मनापासून प्रार्थना करत होता. त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं आणि त्यामुळे लुडोल्फला मोठा धीर आला. जे काही असेल ते थोरल्याचं असेल. आंटोन त्यात नसणार. आंटोनला आपण चालायला शिकवलं, तापात त्याच्या उशाशी बसलो, पहिल्यांदा घोड्यावरून पडला तेव्हा तो रडत आईकडे नाही, आपल्याकडे धावला. हा हिशेब लुडोल्फ इतक्या घाईने मांडत होता की त्या घाईचीच त्याला शंका यायला हवी होती.

चर्च सुटल्यावर दोघे भाऊ बग्गीत बसून किल्ल्याकडे गेले. लुडोल्फ म्हणाला, पाय मोकळे करत येतो. पाद्री विटे मागच्या खोलीत अंगरखा उतरवत होते. माणूस नवा, या गावात येऊन तीनच महिने झालेले, प्रत्येक गोष्ट सांगितल्याहून जरा जास्तच करणारा. लुडोल्फने साध्या आवाजात विचारलं, "पाद्रीबुवा, आज प्रार्थनेत काही बदल होता का?"

"हो, सरकार," विटे उत्साहाने म्हणाले. "दिवाणसाहेबांकडून कागद आलाय. संत मिखाएलच्या सणापासून दोनच नावं घ्यायची."

"सण अजून पंधरा दिवसांवर आहे."

"ते खरंच. पण जुनी सवय असते ना सरकार, ऐन सणाला जीभ घसरायची. म्हणून म्हटलं, आजपासूनच वळण लावावं." आणि मग ज्याच्याशी आपण बोलतोय तो कोण, हे त्या बापड्याच्या डोक्यात शिरलं. हातातला अंगरखा त्याने छातीशी धरला. "मला वाटलं सरकारांच्या संमतीनेच... म्हणजे सरकारांना माहीत असेलच."

"माहीत आहे," लुडोल्फ म्हणाला. खोटं किती सहज बोलता येतं याचं त्याला नवल वाटलं. विटेंचा जीव भांड्यात पडलेला त्याला दिसला आणि तो बाहेर आला.

चौकातून किल्ल्यापर्यंतचा रस्ता हजार पावलांचा. बीअरच्या पिंपांचा आंबूस वास, कातडी वाळत घातलेली, वरच्या खिडक्यांतून रविवारच्या कोबीची वाफ. लोक टोप्या काढत होते आणि तो मान हलवत होता. मिखाएलचा सण. त्याच दिवशी बुर्कहार्टची दोन वर्षं संपून आपली पाळी सुरू व्हायची होती. वडील गेले त्या आठवड्यात तिघा भावांनी त्यांच्याच खाटेच्या कडेवर हात ठेवून करार केला होता. मुलूख वाटायचा नाही. चुलत्यांनी वाटला आणि पाच पिढ्यांचं राज्य पाच शेतांएवढं करून बसले, तसं करायचं नाही. तिघांनी पाळीपाळीने दोन-दोन वर्षं कारभार बघायचा, एकाच मोहरेने, तिघांच्या नावाने. आणि वारस वाढून पुन्हा तुकडे पडायला नकोत म्हणून लग्न फक्त थोरल्याने करायचं. थोरल्याला पन्नाशीपर्यंत मुलगा झाला नाही तर मधल्याने. सगळ्यांत आधी हो कोण म्हणालं होतं? लुडोल्फच. त्याचं सिबिलाशी जवळजवळ ठरलं होतं तरी. तिच्या बापाच्या बागेत, हौदाच्या काठावर बसून त्याने तिला सांगितलं होतं, तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. तिने फार त्रागा केला नाही. "म्हणजे तुझ्या भावाला मुलगे व्हावेत म्हणून मी देवाकडे मागायचं की होऊ नयेत म्हणून?" एवढंच तिने विचारलं होतं. लुडोल्फ हसला होता. ती हसली नव्हती. पुढे तिने कुणाशीच लग्न केलं नाही, सरदारांच्या बिनलग्नाच्या मुली राहतात त्या मठात जाऊन राहिली, आणि नववर्षाला दोघांची एकेक पत्रं जात-येत राहिली. बुर्कहार्टला मात्र चार मुलीच झाल्या. दर वेळी आग्नेस वहिनीचे दिवस भरत आले की लुडोल्फ चर्चमध्ये गुडघे टेकून मुलगा मागायचा, अगदी मनापासून मागायचा, आणि मुलगी झाल्याचा निरोप आला की त्याच्या छातीत एक छोटंसं, लाजिरवाणं काहीतरी उडी मारायचं. त्याबद्दल तो स्वतःला शिक्षा म्हणून आठवडाभर दारू सोडायचा.

आणि या वसंतात बुर्कहार्ट पन्नाशीचा झाला. लुडोल्फ कुणाला काही बोलला नाही. फक्त पश्चिमेकडच्या खोल्यांची चिमणी त्याने दुरुस्त करून घेतली, वीस वर्षं तिथे कबुतरं राहत होती. गवंड्याला त्याने सांगितलं, धूर होतो. रिकाम्या खोल्यांत धूर कुठून येणार हे गवंड्याने विचारलं नाही. कुणीच विचारलं नाही, आणि लुडोल्फला ते सगळ्यांच्या मनाचं मोठेपण वाटलं होतं.

घाम आला म्हणून त्याने उजव्या हाताचा हातमोजा काढला आणि पुलावर थांबला. मऊ हरणाच्या कातड्याचा, मनगटावर त्याची खूण भरलेला मोजा. बादशहा बदलला की मुलूख त्याच्या हातून पुन्हा मागून घ्यावा लागतो. सगळ्या भावांनी एकाच वेळी निशाणाच्या कापडाला हात लावायचा. ज्याचा हात लागला नाही, तो त्या मुलखाचा कुणी लागत नाही. जो येऊ शकत नाही त्याने आपला उजवा मोजा भावाबरोबर धाडायचा, भावाने तो निशाणावर ठेवायचा. गेल्या वर्षी प्रागला नवा बादशहा गादीवर आला. ऑगस्टात लुडोल्फ घोड्यावरून पडला, मांडीचं हाड मोडलं. बुर्कहार्टची पाळी चालू, त्याला गाव सोडता येईना. आंटोन म्हणाला, "दादा, तू पाय सांभाळ. मी आहे ना." जिन्याच्या तोंडाशी, कुबडीवर रेलून, लुडोल्फने आपला मोजा त्याच्या हातात दिला होता. बुर्कहार्टनेही दिला. दोन मोजे घेऊन आंटोन प्रागला गेला, ऑक्टोबरात परत आला, आणि लुडोल्फच्या पलंगावर बसून हसत म्हणाला, "घे तुझा हात." मोज्याला प्रागच्या कुठल्याशा अत्तराचा वास येत होता. लुडोल्फचे डोळे भरून आले होते. इतक्या लांबून एवढीशी वस्तू याने आठवणीने आणली, म्हणून.

आता पुलावर उभं राहून त्याला वडील आठवले. वडिलांची एक कुरकुर जन्मभर चालू होती. तरुणपणी ते आजारी असताना त्यांचा मोजा असाच चुलत्यांबरोबर गेला होता, मोत्यांचं काम केलेला, उत्तम. तो परत आला नाही. निशाणावर ठेवलेला मोजा दरबारातल्या भालदाराचा होतो, तो त्याचा मान असतो, मागूनही मिळत नाही. दर नाताळात जेवण झाल्यावर वडील सांगायचे, कुठला तरी भालदार माझा मोजा घालून प्रागमध्ये हिंडतोय, आणि पोरं हसून लोळायची. लुडोल्फ त्या हसण्यात होता. ही गोष्ट त्याला स्वतःच्या नावाइतकी पाठ होती. तरीही मोजा परत आला तेव्हा त्याला ती आठवली नाही. निशाणाला लागला असता तर तो परत आलाच नसता. बुर्कहार्टचा मोजा कुठे आला होता परत? आपल्याविरुद्धचा पुरावा, शिवलेला, खूण भरलेला, अत्तर लावलेला, त्याने अख्खा हिवाळा हातात घातला होता. शिकारीला घातला, चर्चमध्ये घातला, सिबिलाला नववर्षाचं पत्र लिहून झाल्यावर घोडेस्वाराच्या हातात ते पत्र याच मोज्यातल्या हाताने दिलं. एखाद्या परक्याला हे सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, माणूस एवढा आंधळा कसा असेल? पण परक्याला धाकटा भाऊ कुठून असणार. राग अजून आला नव्हता. आली होती ती शरम, आणि तीही अशी की जणू चोरी आपणच केली होती आणि आत्ता पकडले गेलो होतो.

मग त्याचं डोकं आपोआप कामाला लागलं, कारण तीन वेळा कारभार केलेल्या माणसाचं डोकं दुःखातही तारखा मोजतं. आंटोनने निशाणाला हात लावला तो संत माथ्यूच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी. ज्याचा हक्क डावलला गेला त्याला फिर्याद करायला वर्ष आणि एक दिवस मिळतो. म्हणजे अजून नऊ दिवस. मुदत टळल्यावर सहा दिवसांनी मिखाएलचा सण. तेव्हापासून दोन नावं. किती नीटनेटकं होतं सगळं. हा नीटनेटकेपणा बुर्कहार्टचा नव्हता, बुर्कहार्टला बुटाचे बंद धड बांधता येत नव्हते. पाद्री विटेंच्या उतावळेपणाने त्या नीटनेटकेपणाला नऊ दिवसांचं भोक पडलं होतं. प्रागला चांगला घोडा सहा दिवसांत पोहोचतो.

रविवारचं जेवण भाऊ एकत्र घेत. पाव थोरल्याने तोडायचा, तीन भाग करायचे, हाही त्या कराराच्या वेळचाच रिवाज. बुर्कहार्टने पाव तोडला, लुडोल्फचा तुकडा त्याच्या ताटाशी ठेवला आणि कोल्ह्यांबद्दल बोलायला लागला. यंदा कोल्हे फार माजलेत, बदकं ठेवत नाहीत. बीअरच्या रश्शातला मासा होता. आग्नेस वहिनीने वाढताना माशाच्या गालाचा तुकडा, जो नेहमी बुर्कहार्टला जायचा, तो लुडोल्फच्या ताटात घातला. तिने वर बघितलं नाही. वहिनी सहज म्हणून कधी कुणाला काही देणारी बाई नव्हती. म्हणजे हिलाही माहीत आहे, लुडोल्फच्या मनात आलं. त्याने तो तुकडा खाल्ला. चांगला लागला, हेही त्याला कळलं.

"पाद्रीबुवांनी आज एक नाव गाळलं," तो म्हणाला.

बुर्कहार्टचा कान पुन्हा पेटला. "नवा आहे," तो ताटात बघत म्हणाला. "शिकेल हळूहळू."

"काय शिकेल, भाऊ?"

"अरे, म्हणजे... घेईल पुढच्या वेळी. तू आता एवढ्या तेवढ्याचं मनाला लावून घेऊ नकोस." आणि त्याने इतका मोठा घास घेतला की त्याला पुढे काही बोलायला लागू नये. वहिनीने चमचा खाली ठेवला. आंटोन शांतपणे माशाचे काटे ताटाच्या कडेला लावत होता, शेवटचा काटा लावून त्याने हात पुसले. "दादा, चल," तो म्हणाला. "बागेत जाऊ. भाऊला खोटं बोलता येत नाही, उगाच त्याच्या जेवणाची माती कशाला?"

बागेत भिंतीलगतची नासपतीची झाडं लगडलेली होती. आंटोन नेहमीसारखा अर्धं पाऊल मागे ठेवून चालत होता, मोठ्या भावाबरोबर चालावं तसा. त्या अर्ध्या पावलाने लुडोल्फला पुन्हा आशा वाटली. हा आता काहीतरी सांगेल. भालदाराने घोळ घातला, कारकुनाची चूक झाली, मी तुला सांगणारच होतो. काहीही. अगदी पातळ थाप असती तरी लुडोल्फने ती दोन्ही हातांनी धरली असती.

"तिथे विचारलं, किती हात," आंटोन म्हणाला. "मी म्हटलं दोन. तुझा मोजा माझ्या खिशात होता. आधी ठरवलं होतं असं नाही. म्हणजे भाऊशी बोलणं झालं होतं, पण तिथे उभा राहीपर्यंत मलाच खात्री नव्हती."

"का?"

"मुलगा नको का घराण्याला? तू सिबिलाशी लग्न केलं असतंस. चिमणी कशाला दुरुस्त करतोयस ते गावाला कळलं होतं, दादा. तुझ्या मनात तर ते केव्हापासूनचं होतं. ती एकेचाळीसची झाली. तिला कुठून मूल होणार? आणि तू दुसरी कुणी केली नसतीस. केली असतीस?"

लुडोल्फ पुढे चालत राहिला. केली नसती.

"मी केली तर दोन-तीन मुलगे होतील. मुलगी बघितलीये, अठराची आहे, चांगल्या घरची. पण करारात मधल्याआधी धाकट्याला लग्न नाही. मधला नसेलच, तर आहे." तो हे एखाद्या गुरुजींना गणित समजावून सांगावं तसं सांगत होता. "घर टिकलं पाहिजे हे तूच आम्हाला शिकवलंस."

"मला विचारायचंस की. मी हो म्हणालो असतो."

"ते माहीत होतं ना."

"मग?"

आंटोन थांबला. त्याने एक नासपती दाबून बघितली, ती कच्ची होती, सोडून दिली. "तू हो म्हणाला असतास," तो म्हणाला, "आणि मग जन्मभर काही बोलला नसतास. रोज जेवायला बसला असतास, मला मुलं झाली की त्यांना मांडीवर घेतलं असतंस, आणि काहीच बोलला नसतास. वीस वर्षं आम्ही तेच बघतोय, दादा. तू सिबिलाला सोडलंस त्या दिवसापासून या घरात कुणी मोठ्याने हसलं की आधी तुझ्याकडे बघतं. भाऊला चौथी मुलगी झाली तेव्हा तो तुझ्या तोंडाकडे बघत होता, बायकोच्या नाही. तुझा आणखी एक उपकार अंगावर घ्यायची ताकद नव्हती. त्यापेक्षा म्हटलं, चोरी बरी. चोरी केली की माणूस मोकळा होतो."

बागेच्या पलीकडे कुणीतरी बादल्या घासत होतं. लुडोल्फला वाटलं, आपल्याला आता खूप राग येणार आहे, पण जो येत होता त्याला राग म्हणता येईना. कुणीतरी आपलं घर आतून-बाहेरून बघून, प्रत्येक खोलीची किंमत करून, शेवटी दारात येऊन सांगावं की हे राहण्यालायक नाही, तसं काहीतरी. आपण वीस वर्षं ज्याला प्रेम समजत होतो ते यांच्या मानेवर जोखडासारखं बसलं होतं, आणि यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं, हे त्याला ऐकताक्षणीच कळलं. वहिनीने आज तो माशाचा तुकडा का वाढला तेही कळलं. तो कीव म्हणून नव्हता. सुटका झाल्याच्या भरात माणूस एखाद्याला काहीतरी देऊन टाकतो, तसा होता.

"फिर्याद करता येते मला," तो म्हणाला.

"येते की. नऊ दिवस आहेत. त्या गाढव पाद्र्यामुळे." आंटोन हसला, अगदी लहानपणीचं, एका बाजूने वर जाणारं हसू. "भाऊ घाबरला होता. परवापर्यंत म्हणत होता, लुडोल्फला वास लागला तर? मी म्हटलं, लागू दे. फिर्याद गेली की बादशहाचे अंमलदार येणार, मोजणी होणार, मुलखाचे तीन तुकडे करून प्रत्येकाच्या हातात देणार. दादा स्वतःच्या हाताने हे करेल? ज्याच्यासाठी त्याने सिबिला सोडली तेच मोडेल? मी म्हटलं, भाऊ, तू त्याला ओळखत नाहीस, मी ओळखतो." त्याने लुडोल्फच्या दंडाला हात लावला, खरोखरीच्या मायेने. "पश्चिमेच्या खोल्या तुझ्याच राहतील. सिबिलाला आणायचं तर आण. कुणी आडवं येणार नाही." आणि तो वरच्या फांदीवरची पिकलेली फळं काढायला शिडी आणायला गेला. त्याची चाल हलकी होती. मनावरचं ओझं उतरवून ठेवलेल्या माणसाची.

लुडोल्फ आपल्या खोलीत आला आणि खिडकीशी बसला. आंटोनचं बरोबर होतं. त्याला फिर्याद करायचीच नव्हती. पायऱ्या चढतानाच त्याच्या मनात शब्द जुळायला लागले होते. घराच्या कल्याणासाठी, कुणाबद्दलही मनात किल्मिष न ठेवता, मी माझा भाग माझ्या प्रिय बंधूंच्या ओटीत. असे शब्द त्याला फार लवकर सुचत. ते सुचताना छातीत एक ऊब पसरायची, ती आताही पसरू लागली होती. आपण सणाच्या दिवशी स्वतःच उठून उभे राहतोय, सगळी सभा गप्प होतेय, बुर्कहार्टचे डोळे ओले झालेत. मग सिबिला येईल. दोघं खिडकीशी बसतील, चांगला जाळ असेल, आणि ती म्हणेल, तू बरोबर केलंस. हे सगळं तो इतकं स्पष्ट बघत होता, आणि मग त्याला दिसलं की या चित्रात आंटोनही बसलेला आहे. कोपऱ्यात, पाय पसरून, जरा कंटाळून. तो इथे आधीच येऊन गेला होता. गेल्या वर्षी प्रागला, निशाणासमोर उभा असताना, एका क्षणात तो इथवर आला होता, या खुर्चीपर्यंत, या उबेपर्यंत, आणि सगळं नीट बघून, ठीक आहे म्हणून परत गेला होता. मुलूख घेतला, पाळी घेतली, लग्न घेतलं, त्याचं काही नाही, पण ही खुर्चीसुद्धा त्याने सोडली नव्हती. लुडोल्फ पुढे जे जे मोठ्या मनाने करणार होता ते सगळं त्या माणसाने आधीच गृहीत धरून वापरून टाकलं होतं. सिबिलासुद्धा वापरली होती. आणि सिबिलाने तू बरोबर केलंस असं कधीच म्हटलं नसतं, तिने विचारलं असतं, कुणासाठी? आता मात्र राग आला. तो इतका उशिरा आला की लुडोल्फला तो ओळखूच आला नाही, त्याला वाटलं छातीत कळ येतेय. त्याने कागद ओढला. पाच ओळी झाल्या. माझा हात धाडला होता, तो लावला गेला नाही, माझा हक्क मी सोडलेला नाही, मला न्याय हवा, मुलूख मोजावा लागला तर मोजावा. शेवटची ओळ त्याने दोनदा वाचली. त्याने स्वतःच्या अंगठीची मोहर उठवली.

तबेल्यात हेनिंग म्हणून त्याचा जुना मोतद्दार होता, तो भिंतीला पाठ लावून रविवार साजरा करत होता. "प्रागला?" तो म्हणाला. "आत्ता? सरकार, अजून दुपारी खाल्लेलं डुक्कर पोटात जागचं हललं नाही."

"सहा दिवसांत पोहोचायचं. कुठे थांबायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही."

हेनिंगने कागद अंगरख्याच्या आत घातला आणि मालकाच्या तोंडाकडे जरा वेळ बघितलं. चर्चमध्ये तोही होता. "घोडा कुठला नेऊ?"

"सगळ्यांत चांगला."

"तो धाकट्या सरकारांचा."

"तोच ने," लुडोल्फ म्हणाला.

टापांचा आवाज पुलावर जाऊन पलीकडे विरला आणि तो तबेल्याच्या दारातल्या दगडावर बसला, घोड्यावर चढायला पाय ठेवतात त्या. ऊन अजून भिंतीच्या अर्ध्यावर होतं. समोर टेकडीच्या उतारावर कापणी झालेली शेतं दिसत होती, त्याच्या मागे जंगल, जंगलामागे नदीकडची गावं. कुठून रेघ मारतील, तो विचार करत होता. नदी बुर्कहार्टला जाईल. जंगल बहुतेक आंटोनला. पाणी एकाचं, गिरणी दुसऱ्याची. दहा वर्षांत एकमेकांची गुरं कोंडवाड्यात घालायला लागतील. वडिलांच्या खाटेवर हात ठेवून सगळ्यांत आधी जो हो म्हणाला होता त्यानेच आज हे केलं. त्याला बरं वाटत नव्हतं. पण आपण आत्ता कुठल्याही चित्रात बसलेलो नाही, इथे आपल्याआधी कुणी येऊन गेलेलं नाही, हे त्याला जाणवत होतं, आणि त्याची भीती वाटत होती.

आंटोन आला तेव्हा त्याच्या केसांत झाडाची पानं अडकली होती. "माझा घोडा कुठाय?" त्याने विचारलं. "हेनिंग कुठे गेला तो घेऊन?"

"प्रागला."

आंटोन हसला. मग त्याने लुडोल्फकडे नीट बघितलं, आणि ते हसू तोंडावर जिथे होतं तिथेच राहिलं, फक्त त्यातून तो निघून गेला. "नाही," तो म्हणाला. "तू नाही करणार असं."

"केलं."

"पण मी भाऊला सांगितलं होतं. मी त्याला शब्द दिला होता, दादा. तुझ्यावतीने मी शब्द दिला होता." त्याचा आवाज चिरकला. अडतीस वर्षांचा माणूस, दाढीत पांढरे केस आलेले, तो तबेल्याच्या दाराला धरून उभा होता आणि त्याच्या डोळ्यांत निखळ, खरंखुरं दुःख होतं. ज्याच्यावर जन्मभर डोळे मिटून विसंबलो त्याने केसाने गळा कापल्याचं. "सगळं मोडलंस तू. आपलं सगळं. तू असा कसा रे वागू शकलास? भाऊने केलं असतं तर समजलो असतो. पण तू?" तो धपकन त्याच दगडावर, लुडोल्फला लागून बसला आणि रडायला लागला. लुडोल्फला हसू यायला हवं होतं. सकाळपासून आपल्या तोंडातून बाहेर न पडलेलं एकेक वाक्य तो या माणसाच्या तोंडून ऐकत होता, आणि ती वाक्यं तिथे अधिक शोभत होती. त्याचा राग जितक्या उशिरा आला होता तितक्याच लवकर गेला, आणि काय करावं हे त्याला खरोखरच सुचेना.

"अजून नदीच्या उताराशी असेल तो," आंटोन हुंदके आवरत म्हणाला. "माणूस धाड. बोलाव त्याला. दादा, ऐक ना माझं."

"रडू नकोस," लुडोल्फ म्हणाला. त्याने आंटोनच्या केसांतली पानं एकेक करून काढली, त्याचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं, आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला, अगदी हळूहळू, तो लहान असताना फिरवायचा तसा. माणूस मात्र त्याने धाडला नाही.